इरास्मस कार्यक्रम

इरास्मस कार्यक्रम हा युरोपीय संघाच्या वतीने चालविला जाणारा विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमान्वये उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या पदवी अभ्यासक्रमाचा काही भाग दुसऱ्या देशातील विद्यापीठात पूर्ण करता येतो, किंवा तेथील एखाद्या उद्योगात, रुग्णालयात, प्रयोगशाळेत, संग्रहालयात वा सामाजिक संस्थेत आंतरवासिता करता येते. परदेशात घालविलेला हा काळ मूळ विद्यापीठाच्या पदवीत गणला जातो, हे या कार्यक्रमाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. २०१४ पासून शालेय शिक्षण, व्यवसाय शिक्षण, प्रौढ शिक्षण, युवक उपक्रम आणि क्रीडा या क्षेत्रांतील योजनाही त्यात समाविष्ट करण्यात आल्या व एकत्रित कार्यक्रमास 'इरास्मस प्लस' असे नाव देण्यात आले.

पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी या कार्यक्रमाचा लाभ घेतला. त्यानंतरच्या काळात सर्व शाखा मिळून दीड कोटीहून अधिक व्यक्ती यात सहभागी झाल्या आहेत. परदेशातील शिक्षणाला मान्यता मिळणे आणि तेथे राहण्याचा खर्च विद्यार्थ्याला झेपणे, या दोन अटी पूर्ण झाल्या तरच असा अनुभव सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतो. कार्यक्रमाची रचना आणि त्याच्यावर होणारी टीका या दोहोंच्या मुळाशी हेच दोन प्रश्न आहेत.

नाव

कार्यक्रमाचे नाव डच मानवतावादी विद्वान डेसिडेरियस इरास्मस (सुमारे १४६६–१५३६) यांच्यावरून घेतले आहे. रॉटरडॅमचे इरास्मस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विद्वानाने पॅरिस, केंब्रिज, लूव्हाँ, तूरिन, बाझेल अशा अनेक विद्याकेंद्रांत अध्ययन, अध्यापन व लेखन केले. लॅटिन ही त्या काळच्या विद्वानांची सामाईक भाषा असल्याने देशांच्या सीमा त्यांच्या विद्याव्यासंगाच्या आड आल्या नाहीत. 'विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या गमनागमनासाठी युरोपीय समुदायाची कृतियोजना' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही जुळवून 'इरास्मस' अशी करण्यात आली आहेत.

पार्श्वभूमी

मध्ययुगीन युरोपात विद्यार्थ्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणे ही रूढ गोष्ट होती. बोलोन्या येथे कायदा आणि पॅरिस येथे धर्मशास्त्र शिकण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी येत. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत श्रीमंत घराण्यांतील तरुणांनी शिक्षण संपवून इटली, फ्रान्स आदी देशांचा दीर्घ प्रवास करण्याची प्रथा पडली. कारागिरांमध्येही, विशेषतः जर्मन भाषक प्रदेशांत, उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुणाने काही वर्षे गावोगाव फिरून निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली काम करावे असा दंडक होता. प्रवास आणि प्रत्यक्ष काम यांतून मिळणारे शिक्षण ही कल्पना त्यामुळे युरोपला नवी नव्हती.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत राष्ट्रीय शिक्षणव्यवस्था दृढ झाल्या. प्रत्येक देशाने आपापली पदवी, आपापली परीक्षापद्धती आणि आपापले अभ्यासक्रम निश्चित केले. परिणामी एका देशातील विद्यापीठात उत्तीर्ण झालेला विषय दुसऱ्या देशात अनेकदा ग्राह्य धरला जाईना. परदेशी शिकून आलेल्या विद्यार्थ्याला त्याच विषयांची परीक्षा पुन्हा द्यावी लागे, आणि त्याचे एक वर्ष वाया जाई.

असा अनुभव आलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक सोफिया कोर्राडी होत. १९३४ मध्ये रोम येथे जन्मलेल्या कोर्राडी कायद्याचे शिक्षण घेत असताना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून १९५७-५८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या व तेथे त्यांनी पदव्युत्तर पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर या अध्ययनाला मान्यता द्यावी अशी विनंती त्यांनी रोममधील आपल्या विद्यापीठाकडे केली. परंतु ती फेटाळण्यात आली. पुढे इटलीच्या विद्यापीठ-कुलगुरूंच्या परिषदेच्या शिक्षणविषयक सल्लागार म्हणून काम करताना त्यांनी १९६९ पासून परदेशी अध्ययनाच्या मान्यतेचा प्रश्न सातत्याने मांडला. विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांच्या पूर्वसंमतीने परदेशात शिकावे आणि परतल्यावर ते अध्ययन गृहीत धरले जावे, असे त्यांच्या प्रस्तावाचे सूत्र होते. या दीर्घ पाठपुराव्यामुळे त्या 'मामा इरास्मस', म्हणजे 'इरास्मसची आई', या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. २०१६ मध्ये त्यांना स्पेनमधील 'कार्लोस पाचवा युरोपीय पुरस्कार' देऊन गौरविण्यात आले.

स्थापना

९ फेब्रुवारी १९७६ रोजी युरोपीय समुदायाच्या शिक्षणमंत्र्यांनी शैक्षणिक सहकार्याचा ठराव संमत केला. त्यातून वेगवेगळ्या देशांतील विद्यापीठांचे संयुक्त अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. या प्रयोगांच्या अनुभवावरून युरोपीय आयोगाने व्यापक देवाणघेवाणीची योजना तयार केली. झाक देलोर हे त्या वेळी आयोगाचे अध्यक्ष होते, तर १९८६ पासून शिक्षण खात्याची जबाबदारी स्पेनचे मानुएल मारीन यांच्याकडे होती. आयोगातील अधिकारी दोमेनिको लेनार्दुझी यांचाही योजनेच्या आखणीत मोठा वाटा होता.

योजनेला प्रारंभी विरोध झाला. ज्या मोठ्या देशांच्या स्वतःच्या देवाणघेवाण योजना होत्या, त्यांना नव्या सामाईक खर्चाची आवश्यकता वाटत नव्हती. प्रस्तावित निधीत मोठी कपात होण्याची चिन्हे दिसताच आयोगाने निषेध म्हणून प्रस्तावच मागे घेतला. या सुमारास विद्यार्थी संघटनाही योजनेच्या बाजूने पुढे आल्या. १९८५ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या एका युरोपीय विद्यार्थी संघटनेचे नेते फ्रांक बियांशेरी यांनी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ यांची भेट घेऊन त्यांचा पाठिंबा मिळविला. अखेर तडजोड होऊन १५ जून १९८७ रोजी मंत्रिपरिषदेच्या निर्णयाने कार्यक्रम अस्तित्वात आला.

पहिल्या वर्षी बेल्जियम, डेन्मार्क, पश्चिम जर्मनी, ग्रीस, फ्रान्स, आयर्लंड, इटली, नेदरलँड्स, पोर्तुगाल, स्पेन आणि युनायटेड किंग्डम हे देश सहभागी झाले. विद्यापीठीय शिक्षणाबाबत असा निर्णय घेण्याचा अधिकार समुदायाला कोणत्या कलमान्वये आहे, हा वाद पुढे युरोपीय न्यायालयात गेला. ३० मे १९८९ च्या निकालात, विद्यापीठीय शिक्षण हे बव्हंशी व्यवसाय प्रशिक्षणाच्या व्याख्येत येते, असे मत न्यायालयाने नोंदविले.

कार्यपद्धती

इरास्मस कार्यक्रमात विद्यार्थी थेट युरोपीय आयोगाकडे अर्ज करीत नाही. तो आपल्या विद्यापीठाकडे अर्ज करतो. विद्यापीठाला त्यापूर्वी 'इरास्मस सनद' मिळालेली असावी लागते. सनद स्वीकारणारे विद्यापीठ भेदभाव न करणे, पाहुण्या विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क न घेणे आणि परदेशात पूर्ण केलेल्या अध्ययनास मान्यता देणे, ही बंधने मान्य करते. विद्यापीठे परस्परांशी करार करून दर वर्षी किती विद्यार्थी पाठवायचे व किती स्वीकारायचे, हे ठरवितात.

निवड झाल्यानंतर 'अध्ययन करार' केला जातो. विद्यार्थी परदेशात कोणते विषय शिकणार आणि ते मूळ विद्यापीठातील कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, हे त्यात प्रस्थानापूर्वीच लिहिलेले असते. करारावर विद्यार्थी, मूळ विद्यापीठ व यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या स्वाक्षऱ्या असतात. उदाहरणार्थ, लिस्बनमधील इतिहासाचा विद्यार्थी क्रॅकोव्ह येथे एक सत्र शिकणार असेल, तर तेथील मध्य युरोपाच्या इतिहासाची अभ्यासपत्रिका लिस्बनमधील कोणत्या अभ्यासपत्रिकेऐवजी गणली जाईल, हे त्याला जाण्यापूर्वीच ठाऊक असते. सत्र संपल्यावर यजमान विद्यापीठ गुणपत्रक पाठविते आणि मूळ विद्यापीठ करारानुसार त्याची नोंद घेते. करार झाल्यामुळे मान्यता ही परतल्यावर करावयाची विनवणी राहत नाही. ती आधीच दिलेले वचन ठरते.

परदेशातील वास्तव्य साधारणपणे २ ते १२ महिन्यांचे असते. पदवी, पदव्युत्तर आणि विद्यावाचस्पती या प्रत्येक टप्प्यावर एकूण १२ महिन्यांपर्यंतचा काळ परदेशात घालविता येतो. वैद्यकशास्त्रासारख्या एकसलग दीर्घ अभ्यासक्रमांसाठी ही मर्यादा २४ महिने आहे. नोकरी, कौटुंबिक जबाबदारी अथवा अपंगत्व यांमुळे ज्यांना दीर्घकाळ बाहेर राहणे शक्य नाही, अशांसाठी २०२१ पासून ५ ते ३० दिवसांचे अल्पकालीन वास्तव्य आणि त्याला जोडून दूरस्थ अध्ययन, असाही पर्याय उपलब्ध झाला.

श्रेयांक पद्धती

वेगवेगळ्या देशांतील अभ्यासक्रमांची तुलना करण्यासाठी सामाईक मापाची गरज होती. त्यासाठी १९८९ मध्ये इरास्मस कार्यक्रमांतर्गत युरोपीय श्रेयांक हस्तांतरण पद्धतीचा प्रयोग सुरू झाला. व्यवसाय प्रशासन, रसायनशास्त्र, इतिहास, यांत्रिक अभियांत्रिकी आणि वैद्यकशास्त्र हे पाच विषय प्रयोगासाठी निवडण्यात आले.

या पद्धतीत एका पूर्ण शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक धरले जातात. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे २५ ते ३० तासांचे काम होय. त्यात केवळ व्याख्यानांचे तास नव्हे, तर स्वाध्याय, प्रयोग, प्रकल्प, परीक्षेची तयारी आणि अभ्यासक्रमाचा भाग असल्यास आंतरवासितेतील काम यांचाही समावेश होतो. प्राध्यापकाने किती शिकविले यापेक्षा विद्यार्थ्याला किती काम करावे लागले, हा मोजमापाचा आधार मानल्यामुळे कारखान्यातील वा रुग्णालयातील कामालाही पदवीत स्थान देणे सोपे झाले.

१९ जून १९९९ रोजी २९ युरोपीय देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी बोलोन्या येथे केलेल्या जाहीरनाम्यात श्रेयांक पद्धतीचा पुरस्कार करण्यात आला. देवाणघेवाणीच्या सोयीसाठी जन्मलेले हे माप त्यानंतर युरोपातील बहुतेक विद्यापीठांच्या दैनंदिन व्यवहाराचा भाग बनले.

आंतरवासिता

'आंतरवासिता' हा शब्द मराठीत मुख्यतः वैद्यकीय शिक्षणामुळे परिचित आहे. युरोपात तो सर्वच विद्याशाखांना लागू होतो. परदेशातील आंतरवासितेसाठी पूर्वी 'लिओनार्दो दा विंची' नावाची वेगळी योजना होती. २००७ मध्ये तिच्यातील उच्च शिक्षणाचा भाग इरास्मस कार्यक्रमात वर्ग करण्यात आला. २०१२-१३ या शैक्षणिक वर्षात कार्यक्रमाचा लाभ घेणाऱ्या सुमारे २ लाख ६८ हजार विद्यार्थ्यांपैकी दर पाचांमागे एक विद्यार्थी आंतरवासितेसाठी गेला होता.

आंतरवासितेसाठीही विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि काम देणारी संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. कामाचे स्वरूप, साप्ताहिक तास, विद्यार्थ्याने कोणती कौशल्ये आत्मसात करावीत, त्याचे मार्गदर्शक कोण असतील आणि अपघात विम्याची व्यवस्था काय, या बाबी करारात नमूद कराव्या लागतात. काम संपल्यावर संस्थेने प्रमाणपत्र देणे अपेक्षित असते. युरोपीय संघाच्या संस्था आणि संघाचा निधी हाताळणाऱ्या यंत्रणा यांच्या कार्यालयांत मात्र या योजनेखाली आंतरवासिता करता येत नाही. एकाच तिजोरीतून दुहेरी लाभ होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

पदवी मिळाल्यानंतरच्या १२ महिन्यांतही आंतरवासितेला जाता येते. मात्र त्यासाठीची निवड शिक्षणाच्या अखेरच्या वर्षातच झालेली असावी लागते. शिक्षण आणि पहिली नोकरी यांच्यामधील अनिश्चित काळात या तरतुदीचा विशेष उपयोग होतो.

आर्थिक साहाय्य

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला यजमान विद्यापीठात शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही. शिवाय मासिक अनुदान मिळते. राहणीमानाच्या खर्चानुसार सहभागी देशांचे तीन गट केलेले असून स्वस्त देशातून महाग देशात जाणाऱ्यास अधिक रक्कम दिली जाते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या पर्वात आंतरवासितेसाठी जाणाऱ्यांना दरमहा १५० युरो आणि आर्थिक, सामाजिक वा आरोग्यविषयक कारणांनी संधीपासून वंचित असणाऱ्यांना दरमहा २५० युरो जादा देण्याची तरतूद करण्यात आली. रेल्वे, बस यांसारख्या कमी प्रदूषणकारी साधनांनी प्रवास करणाऱ्यांसाठीही वेगळे साहाय्य आहे.

हे अनुदान परदेशात राहण्याचा संपूर्ण खर्च भागविण्यासाठी नसून, घरी राहण्याच्या तुलनेत जो अधिक खर्च येतो, त्याला हातभार लावण्यासाठी आहे. २०१२-१३ मध्ये युरोपीय संघाकडून मिळणारे अनुदान सरासरी दरमहा २७२ युरो होते. त्यामुळे अनेक देशांत केंद्र सरकारे, प्रांतिक सरकारे व विद्यापीठे आपल्याकडून पूरक रक्कम देतात. या पूरक रकमेवर विद्यार्थी किती अवलंबून असतात, हे नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पेनमध्ये दिसून आले. शैक्षणिक वर्ष सुरू होऊन विद्यार्थी परदेशी पोहोचल्यानंतर, आधीपासून अन्य शिष्यवृत्ती नसलेल्यांची पूरक रक्कम बंद करण्याचा निर्णय तेथील शिक्षण मंत्रालयाने जाहीर केला. तीव्र विरोधानंतर काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

विस्तार

१९९५ मध्ये इरास्मस हा 'सॉक्रेटिस' नामक व्यापक शिक्षण कार्यक्रमाचा भाग झाला. २००७ ते २०१३ या काळात तो 'आजीवन शिक्षण कार्यक्रमा'त अंतर्भूत होता. २००२ मध्ये लाभार्थी विद्यार्थ्यांची संख्या १० लाखांवर पोहोचली, तर २०१२-१३ अखेर ती ३० लाखांच्या पुढे गेली. त्या वर्षी सर्वाधिक पाहुणे विद्यार्थी स्पेनने स्वीकारले. त्याखालोखाल जर्मनी आणि फ्रान्स होते.

इरास्मस प्लस कार्यक्रमासाठी २०१४–२०२० या पर्वात सुमारे १४.७ अब्ज युरोंची, तर २०२१–२०२७ या पर्वात सुमारे २६.२ अब्ज युरोंची तरतूद करण्यात आली. नव्या पर्वात युरोपीय संघाच्या २७ सदस्य देशांसह आइसलँड, लिश्टनश्टाइन, नॉर्वे, उत्तर मॅसिडोनिया, सर्बिया आणि तुर्कस्तान हे देश पूर्णतः सहभागी आहेत.

सदस्यत्व आणि राजकारण

राष्ट्रांमधील राजकीय संबंधांचा परिणाम विद्यार्थ्यांच्या संधींवर होतो, याची उदाहरणे कार्यक्रमाच्या इतिहासात आढळतात.

फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये परदेशी नागरिकांच्या स्थलांतरावर मर्यादा घालण्याच्या बाजूने सार्वमत झाले. त्यानंतर युरोपीय संघाशी चाललेली बोलणी थांबली आणि स्वित्झर्लंड इरास्मस प्लसमधून बाहेर राहिला. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्या देशाला स्वतःच्या खर्चाने पर्यायी योजना उभारावी लागली.

युनायटेड किंग्डमने युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर २०२१ मध्ये सुरू झालेल्या पर्वात सहभागी न होण्याचा निर्णय घेतला. त्याऐवजी गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या नावाने राष्ट्रीय योजना सुरू करण्यात आली. या योजनेतून तेथील विद्यार्थ्यांना जगात कोठेही जाण्यासाठी साहाय्य मिळते. परंतु परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिच्यात तरतूद नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीतील सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कारभाराबाबत आक्षेप घेऊन युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने त्यांच्याशी नवे आर्थिक करार करण्यास मनाई केली. अनेक हंगेरियन विद्यापीठे अशा संस्थांच्या ताब्यात असल्याने तेथील विद्यार्थ्यांच्या इरास्मस अनुदानावर टांच आली. कारभारातील दोषाची झळ विद्यार्थ्यांना बसते, अशी टीका या निर्णयावर झाली.

परिणाम

२०१४ मध्ये युरोपीय आयोगाने इरास्मस कार्यक्रमाच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, प्राध्यापक व नियोक्ते मिळून सुमारे ८० हजार जणांनी त्यासाठी माहिती दिली. पदवीनंतर पाच वर्षांनी परदेशी जाऊन आलेल्यांमधील बेरोजगारीचे प्रमाण न गेलेल्यांच्या तुलनेत २३ टक्क्यांनी कमी आढळले. आंतरवासितेसाठी गेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांना त्याच संस्थेने नोकरी देऊ केली होती. परदेशातील अनुभव महत्त्वाचा मानणाऱ्या नियोक्त्यांचे प्रमाण २००६ मध्ये ३७ टक्के होते, ते ६४ टक्क्यांवर गेल्याचे दिसून आले. माजी इरास्मस विद्यार्थ्यांपैकी २७ टक्के जणांना आपला दीर्घकालीन जोडीदार परदेशातील वास्तव्यात भेटला, असेही या अभ्यासात नोंदविले आहे. त्यावरून १९८७ पासून अशा जोडप्यांना सुमारे १० लाख अपत्ये झाली असावीत, हा आयोगाचा अंदाज वृत्तपत्रांतून विशेष गाजला.

अपरिचित भाषेत व्यवहार करणे, घर शोधणे, मर्यादित पैशांत महिना काढणे, वेगळ्या अध्यापनपद्धतीशी जुळवून घेणे, या गोष्टी कोणत्याही अभ्यासपत्रिकेत नसल्या तरी त्या परदेशातील वास्तव्याचे महत्त्वाचे शिक्षण मानल्या जातात. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना अशा बाबतींत साहाय्य करण्यासाठी माजी इरास्मस विद्यार्थ्यांनी १९८९ मध्ये 'इरास्मस स्टुडंट नेटवर्क' ही स्वयंसेवी संघटना स्थापन केली.

टीका आणि मर्यादा

सामाजिक विषमता : अनुदान अपुरे असल्यामुळे उर्वरित खर्च कुटुंबाला सोसावा लागतो. परिणामी सुस्थितीतील आणि सुशिक्षित घरांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण कार्यक्रमात अधिक राहते, हा त्यावरील सर्वांत जुना आक्षेप आहे. शिक्षण घेत असताना नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी जाण्यासाठी ती सोडावी लागते, आणि हे नुकसान अनुदानातून भरून निघत नाही. मोठ्या शहरांतील वाढत्या घरभाड्यांमुळे ही अडचण अधिक तीव्र झाली आहे.

निष्कर्षांची विश्वसनीयता : परदेशी जाणारे विद्यार्थी मुळातच अधिक महत्त्वाकांक्षी, भाषाकुशल वा सधन असण्याची शक्यता असते. त्यामुळे त्यांना पुढे मिळालेल्या यशाचे किती श्रेय परदेशातील वास्तव्याला द्यावे, हे केवळ दोन गटांच्या तुलनेवरून ठरविता येत नाही.

विनावेतन आंतरवासिता : काम देणाऱ्या संस्थेवर वेतन देण्याचे बंधन कार्यक्रमाने घातलेले नाही. संस्थेने वेतन दिल्यास ते अनुदानासोबत स्वीकारता येते. परंतु अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला केवळ अनुदानावर राहावे लागते. नियमित कर्मचाऱ्याचे काम विद्यार्थ्याकडून विनामूल्य करून घेतले जाते, अशी तक्रार युरोपभर होत आली आहे. मार्च २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने आंतरवासितेच्या दर्जाविषयी शिफारशी केल्या. त्या बंधनकारक नव्हत्या. जून २०२३ मध्ये युरोपीय संसदेने विनावेतन आंतरवासितेवर बंदी घालण्याची मागणी करणारा ठराव संमत केला. मार्च २०२४ मध्ये आयोगाने आंतरवासितेच्या नावाखाली नियमित काम करून घेण्याच्या प्रकारांस आळा घालण्यासाठी नव्या निर्देशाचा प्रस्ताव मांडला.

मान्यतेतील त्रुटी : अध्ययन करार झालेला असूनही परतल्यावर काही विषयांना मान्यता न मिळणे, गुणांचे रूपांतर प्रतिकूल होणे वा गुणपत्रक उशिरा पोहोचणे, अशा तक्रारी येतात. यजमान विद्यापीठात ऐन वेळी विषय बदलावा लागल्यास करारात दुरुस्ती करून घेणे आवश्यक असते. ती राहून गेल्यास विद्यार्थ्याचे नुकसान होते.

सुरक्षितता : २० मार्च २०१६ रोजी स्पेनमधील फ्रेजिनाल्स या गावाजवळ महामार्गावर विद्यार्थ्यांची बस उलटून १३ तरुणी मृत्युमुखी पडल्या. व्हॅलेन्सिया येथील 'फायास' उत्सव पाहून बार्सिलोनाला परतणाऱ्या या प्रवाशांत अनेक देशांचे इरास्मस विद्यार्थी होते. मृतांपैकी ७ जणी इटलीच्या होत्या. या अपघाताची न्यायालयीन चौकशी एकाहून अधिक वेळा बंद होऊन पुन्हा सुरू करावी लागली, आणि परदेशात मुली गमावलेल्या पालकांना न्यायासाठी अनेक वर्षे झगडावे लागले. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीतही परदेशी असलेल्या असंख्य विद्यार्थ्यांना अर्ध्यातून परतावे लागले किंवा वसतिगृहाच्या खोलीतून दूरस्थ पद्धतीने सत्र पूर्ण करावे लागले.

गौरव आणि लोकसंस्कृती

२००४ मध्ये इरास्मस कार्यक्रमाला स्पेनमधील 'प्रिन्स ऑफ अस्तुरियास' पुरस्कार आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या गटात देण्यात आला. फ्रेंच दिग्दर्शक सेद्रिक क्लापिश यांच्या 'लोबेर्ज एस्पान्योल' (२००२) या चित्रपटात बार्सिलोना येथे एकाच घरात राहणाऱ्या विविध देशांतील विद्यार्थ्यांचे जीवन रंगविले आहे.

भारताशी संबंध

भारत हा कार्यक्रमाचा पूर्ण सदस्य नाही. तथापि २००४ मध्ये सुरू झालेल्या 'इरास्मस मुंडुस' या शाखेमुळे भारतीय विद्यार्थ्यांना त्याचा लाभ घेता येतो. या शाखेत वेगवेगळ्या देशांतील विद्यापीठे मिळून संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवितात आणि विद्यार्थ्याला किमान दोन देशांत शिकावे लागते. अर्ज मूळ विद्यापीठामार्फत न करता संबंधित विद्यापीठसमूहाकडे थेट करावयाचा असतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या पर्वात निवड झालेल्या शिष्यवृत्तीधारकास अधिकाधिक २४ महिन्यांपर्यंत दरमहा १,४०० युरो दिले जातात आणि शिक्षणशुल्क आकारले जात नाही. शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांत भारतीयांची संख्या सातत्याने लक्षणीय राहिली आहे. याशिवाय २०१५ पासून युरोपीय व अन्य देशांतील विद्यापीठे परस्पर कराराने अल्पकालीन देवाणघेवाण करू शकतात. तिच्यात भारतीय विद्यापीठांनाही सहभागी होता येते.

भारतातील राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही श्रेयांकांचे हस्तांतरण व आंतरवासिता यांवर भर आहे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक बँकेचे विनियम जारी केले. विद्यार्थ्याने एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक या बँकेत जमा होतात व दुसऱ्या संस्थेतील पदवीसाठी वापरता येतात. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात आंतरवासितेसाठी २ ते ४ श्रेयांक राखलेले आहेत. भारतीय श्रेयांक आराखड्यात एका वर्षाचे ४० श्रेयांक असून एक श्रेयांक ३० तासांच्या कामाचा मानला जातो, तर युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक असतात. त्यामुळे दोन्ही पद्धतींत श्रेयांकांची संख्या जशीच्या तशी उतरवून घेता येत नाही. विषयाचा आशय आणि कामाचे तास पाहून रूपांतर करावे लागते. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे रूपांतर प्रस्थानापूर्वीच दोन्ही विद्यापीठांकडून लेखी मान्य करून घेणे, हे इरास्मस कार्यक्रमातील अध्ययन कराराचेच तत्त्व होय.